उंचावर एकाच डोळ्यापुढे धूसर डाग: लेसिकला दोष देण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात परत मांडतो. वय ४३, आठ वर्षांपूर्वी लेसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन, झालंय. मागच्या वर्षी ट्रेकमध्ये ४९०० मीटरच्या कॅम्पवर सकाळी उठलात तर उजव्या डोळ्याने बघताना मधोमध एक करडा ठिपका, समोरच्या माणसाचं नाक दिसेना पण कान दिसत होते. डोळा दुखत नव्हता, लालही नव्हता. तसेच पुढे दोन दिवस चढलात, ५४०० ला जाऊन आलात, आणि खाली आल्यावर पाचेक आठवड्यांत ते हळूहळू गेलं. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला तो शून्य निघाला, म्हणून विषय तिथेच संपला. आता परत तेवढ्याच उंचीवर जायचंय आणि तुम्ही विचारताय की लेसिकचा फ्लॅप, म्हणजे ऑपरेशनमध्ये डोळ्याच्या पुढच्या भागावर कापून परत बसवलेली पातळ झडप, उंचीवर सुटतो का, नंबर परत येतो का, आणि गॉगल कुठला घेऊ.

स्पष्टच सांगतो, लेसिक आणि गॉगल दोन्ही थोडा वेळ बाजूला ठेवा. मला खटकलं ते नाक आणि कान. मी रेटिनाचा, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचा डॉक्टर आहे, वीसेक वर्षं हेच करतोय, मधे दोन सीझन गिर्यारोहकांच्या कॅम्पवरही डॉक्टर म्हणून राहिलोय, आणि "मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं, दुखत काहीच नाही" हे वाक्य ऐकलं की हात आपोआप पडदा तपासायच्या लेन्सकडे जातो. डोळा न बघता निदान करता येत नाही हे मान्य, पण पैज लावायची तर मी पडद्यातल्या रक्तस्रावावर लावेन. आणि चष्म्याचा नंबर तपासून हे कळत नाही, कारण नंबर काढताना पडदा कोणी बघतच नाही. डाग जरा बाजूला असेल तर माणूस मान किंचित तिरकी करून शेवटची ओळसुद्धा वाचून दाखवतो.

उंचीवर "धूसर दिसतंय" या एका तक्रारीमागे पाच-सहा वेगवेगळी कारणं असू शकतात. काही अगदी किरकोळ असतात आणि काहींमध्ये त्याच रात्री खाली उतरावं लागतं. कॅम्पवर यंत्र नसतं, त्यामुळे मी तीन गोष्टी करायला सांगायचो. पहिली, एकेक डोळा तळहाताने झाकून बघा, कारण दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याची चोरी झाकतो, लोक दोन-दोन दिवस तसेच फिरतात. दुसरी, चारपाच वेळा पापण्या मिटून उघडा. धूसरपणा बदलला, क्षणभर स्वच्छ झाला, तर तो वरच्या अश्रूंच्या थरातला आहे, म्हणजे कोरडेपणा. उंचावर हवा कोरडी, वर वारा, त्यामुळे हे बहुतेकांना होतं, ड्रॉप टाकला की काम होतं. तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची: कुठल्याही पुठ्ठ्याला सुईने बारीक भोक पाडा आणि त्यातून बघा. भोकातून स्वच्छ दिसलं तर प्रश्न नंबरचा आहे, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या भागाचा. भोकातूनही डाग तसाच राहिला तर प्रश्न मागे आहे, पडद्यात किंवा त्याच्याही मागे. तुम्ही हे त्या दिवशी केलं असतंत तर माझी खात्री आहे की डाग तसाच राहिला असता.

आता पडद्यात होतं काय ते बघू. ५५०० मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्मा. आणि वजनाच्या मानाने बघितलं तर रेटिना हा शरीरातल्या सगळ्यात खादाड भागांपैकी एक, त्याला सतत ऑक्सिजन लागतो. मग शरीर साधा उपाय करतं, नळ मोठा सोडतं. पडद्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्ताचा ओघ वाढतो. पहिल्यांदा मी एका गिर्यारोहकाचा पडदा वर ५००० मीटरला बघितला तेव्हा मला शिरा चक्क फुगलेल्या आणि नागमोडी दिसल्या, ऑप्टिक डिस्क, म्हणजे डोळ्याची नस पडद्याला मिळते ती जागा, गुलाबी झालेली, आणि त्या माणसाला काहीच त्रास नव्हता, तो चहा पीत होता! म्हणजे हे एवढं जवळपास सगळ्यांना होतं आणि त्याला आजार म्हणायचं कारण नाही.

पण ताणलेल्या केशवाहिन्यांच्या भिंती गळायला लागतात. त्यात माणूस खोकतोय, पाठीवर जड सॅक आहे, दम रोखून एखादा टप्पा चढतोय, किंवा पोट साफ होत नाही म्हणून जोर करतोय, की शिरांमधला दाब एकदम उसळतो आणि कुठेतरी एक फुटते. पडद्यावर ज्योतीच्या आकाराचा किंवा ठिपक्यासारखा लाल डाग पडतो. याला हाय अल्टिट्यूड रेटिनोपॅथी म्हणतात. हे काही नवीन नाही. १९६९ साली उंचावर पाठवलेल्या भारतीय सैनिकांवरच्या एका पेपरात पडद्यातल्या रक्तस्रावाची नोंद आहे आणि १९७० मध्ये चार्ल्स ह्यूस्टन, जे स्वतः के-टूवर मोहिमा नेलेले डॉक्टर, त्यांच्या टीमने कॅनडातल्या माउंट लोगनवर सुमारे ५३०० मीटरच्या कॅम्पवर राहिलेल्या लोकांचे पडदे तपासून असेच डाग दाखवले.

त्यातला कळीचा मुद्दा असा की बहुतेकांना पत्ताही लागत नाही, कारण डाग पडद्याच्या कडेला असतो. मधोमध मॅक्युला नावाची एक छोटीशी जागा आहे, जिथून आपण वाचतो, चेहरे ओळखतो. डाग तिथे पडला तरच समोरच्याचं नाक गायब होतं. तुमच्या बाबतीत बहुधा हेच झालं. काही आठवड्यांत रक्त शोषलं जातं आणि दिसणं परत येतं, तुमचे पाच आठवडे या हिशेबात चपखल बसतात. क्वचित मात्र थोडा डाग कायमचा राहतो. माझ्याकडे आलेल्या एका बाईंना दोन वर्षांनीसुद्धा वाचताना प्रत्येक ओळीतलं एक अक्षर गिळल्यासारखं वाटायचं, डाव्या डोळ्याने, फक्त एक अक्षर. त्या हिशेबाचं काम करायच्या, आकडे चुकायचे. त्यांनी मला विचारलं होतं की एवढ्याशा डागासाठी मोहीम सोडायची का. मी नुसतं त्यांच्या वहीकडे बघितलं.

म्हणून तुमच्या कथेतली मला न पटलेली गोष्ट म्हणजे डाग दिसल्यावर तुम्ही आणखी दोन दिवस वर गेलात. मधलं दिसणं गेलं, न दुखता, तर वर जायचं नाही, खाली यायचं. त्यावर माझ्याकडे दुसरा सल्ला नाही. आणि सोबत डोकं ठणकतंय, उलटी होतेय, माणूस दारू प्यायल्यासारखा चालतोय, सरळ रेषेत टाचेला पाऊल लावून चालता येत नाही, किंवा एकाचे दोन दिसताहेत, तर डोळ्याचा विचारच सोडा, मेंदूला सूज येतेय, आणि ती जीवघेणी असते. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही, ऑक्सिजन असेल तर लावायचा आणि माणसाला खाली काढायचं. पडद्यातला रक्तस्राव आणि मेंदूची सूज पुष्कळदा एकत्र दिसतात, पण एक आहे म्हणजे दुसरं असणारच असंही नाही, त्यामुळे नुसता डाग बघून घाबरवायचं पण नाही मला.

आता लेसिक. हा प्रश्न लोकांच्या डोक्यात येतो तो १९९६ च्या एव्हरेस्टच्या गोष्टीमुळे. बेक वेदर्स नावाचा अमेरिकन गिर्यारोहक, स्वतः डॉक्टर, शिखराच्या चढाईत त्याला दिसेनासं झालं आणि तो वाटेतच थांबून राहिला, मग वादळात सापडला. त्याच्या डोळ्यांवर ऑपरेशन झालं होतं हे खरं, पण ते होतं रेडियल केराटॉटॉमी, म्हणजे लेसिकच्या आधीच्या काळातलं. त्यात कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या सगळ्यात पुढच्या पारदर्शक थरावर, चाकाच्या आऱ्यांसारखे खोल छेद देत असत. ऑक्सिजन कमी पडला की कॉर्निया थोडा सुजतो, हे सगळ्यांचंच होतं, पण साध्या डोळ्यात तो सगळीकडून सारखा सुजतो म्हणून नंबर हलत नाही. छेद दिलेल्या कॉर्नियात छेदांच्या बाजूने सूज जास्त येते, कडा फुगतात आणि मधला भाग सपाट होतो, की प्लस नंबर येतो. एकदम येत नाही, वर गेल्यावर एखाद दिवसात यायला लागतो आणि खाली आल्यावर उतरतो.

यात एक मजेशीर गोष्ट आहे जी मी प्रत्येक विद्यार्थ्याला विचारतो. असा माणूस नाकातून सिलिंडरचा ऑक्सिजन घेत असेल तर त्याचं दिसणं सुधारेल का? उत्तर नाही, कारण कॉर्नियात रक्तवाहिन्याच नसतात, तो डोळे उघडे असताना आपला ऑक्सिजन थेट समोरच्या हवेतून घेतो. हे तपासायला संशोधकांनी खाली, सपाटीवरच, असे छेद दिलेल्या लोकांना हवाबंद गॉगल लावून आत ऑक्सिजन नसलेली हवा सोडली, आणि तरीही नंबर बदलला. म्हणजे दोष कमी दाबाचा नव्हता, डोळ्यापुढच्या ऑक्सिजनचा होता.

लेसिकमध्ये तसे खोल छेद नसतात. फ्लॅप उंचीमुळे उघडत नाही, त्याची काळजी सोडा, आठ वर्षं झालीत. फार उंचीवर काहींना थोडा मायनसकडे नंबर सरकल्यासारखं धूसर वाटतं, कोरडेपणा तर लेसिकवाल्यांना जास्तच जाणवतो, पण लेसिक झालेले लोक एव्हरेस्टवर जाऊन आलेत. आणि मुख्य म्हणजे लेसिकचा धूसरपणा सगळं चित्र पुसट करतो, नाक खाऊन कान ठेवत नाही. ताजं ऑपरेशन असेल, दोनचार महिन्यांचं, तर मात्र सर्जनने सोडल्याशिवाय जाऊ नये. ज्यांचं ऑपरेशन नव्वदच्या दशकातलं किंवा त्याआधीचं आहे त्यांनी जुने कागद काढून नक्की काय केलं होतं ते बघा, आणि आऱ्यांचे छेद असतील तर वेगवेगळ्या प्लस नंबरचे दोन-तीन चष्मे सोबत न्या.

गॉगलचं विचारलंत ते दुसऱ्याच एका त्रासासाठी महत्त्वाचं आहे, आणि तो मी स्वतः भोगलाय. पहिल्याच सीझनला, ढगाळ दिवस होता, गॉगल सारखा धुकत होता म्हणून मी तो कपाळावर चढवला आणि बर्फावर अडीचेक तास तसाच चाललो. संध्याकाळी काहीच नाही. व्यवस्थित जेवलो, दोन पेशंट बघितले. रात्री अकराच्या सुमारास डोळ्यात कोणीतरी मूठभर रेती टाकून वर तिखट चोळल्यासारखं सुरू झालं, पापण्या उघडेनात, गालांवरून पाण्याच्या धारा, हेडलॅम्पचा उजेड सुरीसारखा लागायचा. डोळ्याचा डॉक्टर तंबूत आंधळा होऊन पडलेला आणि स्वयंपाकी माझ्या बॅगेतून मी सांगेन तसं मलम शोधतोय, हे दृश्य माझ्या टीमने पुढे पाच वर्षं चघळलं.

हे हिमांध होणं म्हणजे कॉर्नियाच्या वरच्या त्वचेचा सनबर्न. दर १००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० ते १२ टक्क्यांनी वाढतात, ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो, म्हणजे टोपी घालून उपयोग नाही कारण मार खालून येतो, आणि ढग त्यांना पुरते अडवत नाहीत. त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो, तिथेच माणूस फसतो. बहुतेकांचा एक ते तीन दिवसांत पूर्ण बरा होतो. अंधार, थंड पट्टी, कृत्रिम अश्रू, अँटिबायोटिक मलम, पोटातून वेदनाशामक गोळी, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढून ठेवायच्या, आणि चोळायचं नाही. बधिर करणारे ड्रॉप मात्र परत परत टाकू नका, पहिल्या थेंबाला स्वर्ग वाटतो पण त्याने जखम भरत नाही आणि कॉर्निया खराब होतो, हे मी कळवळून सांगतोय कारण त्या रात्री मलाही मोह झाला होता.

गॉगल घेताना काचेच्या काळेपणावर जाऊ नका, यूव्ही ४००, म्हणजे अतिनील किरणं अडवणारी काच, असं लिहिलंय का बघा. नुसती काळी आणि किरणं न अडवणारी काच उलट वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि आत जास्त जातं. बाजूने झाकणारा पाहिजे. बर्फावर कॅटेगरी ४, म्हणजे सगळ्यात गडद काचेचा, चालतो, पण तो लावून गाडी चालवायची नाही. दोन न्या. एक हरवला किंवा फुटला तर पुठ्ठ्याला किंवा चिकटपट्टीला डोळ्यांसमोर आडवी बारीक फट पाडून बांधा, आर्क्टिकचे इन्युइट लोक लाकूड-हाडाला अशाच फटी पाडून पूर्वापार वापरत आलेत. पण लक्षात घ्या, पडद्यातल्या रक्तस्रावाला गॉगल काहीही करत नाही. तुमची आणि दुकानदाराची गफलत तिथे झाली.

थोडं इतर वाचणाऱ्यांसाठी. ज्यांचं पडद्याचं ऑपरेशन होऊन डोळ्यात गॅस भरलाय त्यांनी तो पूर्ण विरेपर्यंत उंचावर जायचं नाही, विमानात बसायचं नाही, घाटरस्त्यानेसुद्धा नाही. बाहेरचा दाब उतरला की बुडबुडा फुगतो, डोळ्यातला दाब चढतो आणि पडद्याचा रक्तपुरवठाच बंद पडू शकतो, कायमचा. काही गॅस दोन आठवड्यांत विरतात, काही सहा-आठ आठवडे राहतात, आपल्यात कुठला आहे ते सर्जनला विचारा. डायबेटिसमुळे पडद्यावर नाजूक नवीन रक्तवाहिन्या आल्या असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त, मग डोंगर. काचबिंदूवाल्यांनी ड्रॉप खिशात आतल्या बाजूला ठेवा, गोठतात. कॉन्टॅक्ट लेन्स रोज रात्री काढा, कितीही थंडी असो आणि कितीही कंटाळा येवो. उंचीचा त्रास टाळायची डायमॉक्स गोळी घेताय आणि दोन्ही डोळ्यांना एकदम लांबचं धूसर पण जवळचं स्वच्छ झालं, तर क्वचित ती गोळीच मायनस नंबर आणते, आणि सोबत डोळा दुखायला लागला तर गोळी थांबवून लगेच दाखवायचं. अंधारातलं दिसणं तर १५०० मीटरपासूनच थोडं मंदावायला लागतं, पहाटे तीनला निघताना दगड नीट दिसत नाहीत तो वयाचा दोष नव्हे.

आता तुमचा खरा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत: परत जावं की नाही. इथे सरसकट उत्तर नाही. मॅक्युलावर वण राहिलाय का, डावा डोळा धडधाकट आहे का, ब्लडप्रेशर किती, ॲस्पिरिनसारखं रक्त पातळ करणारं काही चालू आहे का, आणि मागच्या वेळी किती घाईने चढलात, यावर सगळं आहे. एकदा झालेल्याला परत होऊ शकतं. पडदा स्वच्छ निघाला तर मी स्वतः पेशंटला साफ मनाई करत नाही, पण वेळापत्रक बदलायला लावतो: ३००० मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम, खोकल्याला पहिल्या दिवशीच औषध, पोट साफ राहील असं बघायचं, सॅक हलकी. आणि रोज सकाळी तंबूतच एकेक डोळा झाकून एखादं छापील पान बघायचं, ओळी वाकड्या किंवा तुटक दिसल्या की त्याच दिवशी परत फिरायचं, हे सोबत्यांना निघायच्या आधीच सांगून ठेवायचं, कारण वर गेल्यावर माणूस स्वतःशीच खोटं बोलतो. उजव्या डोळ्यात वण निघाला आणि डावा आधीच कमजोर असेल, तर मात्र मी नाही म्हणेन आणि तुम्ही चिडाल.

तेव्हा आधी रेटिनाच्या डॉक्टरकडे जा, बाहुली मोठी करून पडदा तपासा म्हणावं आणि दोन्ही डोळ्यांच्या मॅक्युलाचा ओसीटी स्कॅन, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारा प्रकाशाचा फोटो, करून घ्या. उंचीचं आणि नाक-कानाचं सगळं जसं इथे लिहिलंत तसंच सांगा, "नंबर तपासायचाय" असं म्हणू नका. डाग शिरेतल्या गुठळीमुळेही असू शकतो, तेही तिथेच कळेल. रिपोर्ट आला की इथे टाका, बघतो. आणि जाताना सोबत कोणालातरी न्या, ड्रॉप टाकल्यावर चार-पाच तास उजेड टोचतो आणि गाडी चालवता येत नाही.